विश्लेषण : मिशनरी घरातल्या मुली कमावत्या कशा झाल्या? कॉर्नेलिया सोराबजी आणि त्यांच्या आईची गोष्ट

पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून एक विद्यार्थिनी पदवी परीक्षेत अव्वल आली. अव्वल येणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्लंडमध्ये पुढचे शिक्षण घेण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळण्याची सोय होती. गुण होते, क्रमांक होता, अर्जही होता. तरीही शिष्यवृत्ती मिळाली नाही, कारण अर्जदार मुलगी होती. ही गोष्ट १८८८च्या सुमाराची. त्या मुलीचे नाव कॉर्नेलिया सोराबजी.

पुढे त्या ऑक्सफर्डला कायदा शिकणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या आणि भारतातील पहिल्या महिला वकिलांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते. एवढी माहिती अनेकांना असते. त्यामागचा एक प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. ज्या काळात मुलीच्या आयुष्याचा हिशेब लग्नापाशी संपत असे, त्या काळात पुण्यातल्या एका धर्मनिष्ठ ख्रिस्ती घरातून एक वकील, एक डॉक्टर आणि एक शाळा चालवणारी शिक्षणतज्ज्ञ अशा सख्ख्या बहिणी तयार कशा झाल्या? त्या घराने नेमके काय केले आणि कोणत्या गोष्टी त्या घराच्याही हातात नव्हत्या? सविस्तर जाणून घेऊ.

कॉर्नेलिया सोराबजी कोण होत्या?

कॉर्नेलिया यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिकमध्ये झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे मूळचे पारशी. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे चर्च मिशनरी सोसायटीचे धर्मोपदेशक म्हणून काम केले. त्या काळी पारशी समाजात धर्मांतराची घटना मोठी खळबळ उडवणारी असे. धर्म बदलला की घर, नातेवाईक आणि जातभाईंचा आधार एकाच वेळी सुटत असे.

आई फ्रान्सिना दक्षिण भारतातल्या. एका ब्रिटिश दाम्पत्याने, फोर्ड पती-पत्नींनी, त्यांना लहानपणी दत्तक घेऊन वाढवले होते. लेडी कॉर्नेलिया फोर्ड या दत्तक आजीचेच नाव नातीला मिळाले. कॉर्नेलिया यांचे बालपण आधी बेळगावात आणि नंतर पुण्यात गेले. घरात भावंडे बरीच. त्यांत मुलींची संख्या जास्त आणि वाढलेला मुलगा एकच, डिक.

घराचे वातावरण कसे होते?

मिशनचे घर म्हणजे शिस्तीचे घर. प्रार्थना, बायबलचे वाचन, रविवारची उपासना आणि काटकसर हा रोजचा क्रम. वडिलांची मिळकत मिशनच्या कामावर अवलंबून. वडिलोपार्जित जमीन-जुमला किंवा पेढी मागे नाही. मुलींना देण्यासाठी मोठी रक्कम साठवून ठेवावी, अशी परिस्थितीही नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्येही अशा धर्मोपदेशकांच्या घरांपुढे हाच पेच असे. धर्मोपदेशकाला समाजात मान मोठा, पण उत्पन्न बेताचे. तो गेला की राहते घरही जाई. मग मुलींसमोर दोनच रस्ते उरत. चांगले स्थळ मिळणे, नाहीतर दुसऱ्याच्या घरी मुलांना शिकवणारी बाई म्हणून राहणे.

सोराबजी कुटुंबाची अडचण त्याहून वेगळी होती. पारशी समाजाने त्यांना आपले मानले नव्हते आणि गोऱ्या साहेबांच्या वर्तुळात ते कधीच पूर्णपणे बसणार नव्हते. त्यामुळे जातीत चालत आलेली स्थळे नाहीत आणि अडीअडचणीला धावून येणारा गोतावळाही नाही. अशा घरातल्या मुलीकडे स्वतःचे कौशल्य नसेल, तर पुढे तिला आधार कोणाचा? या प्रश्नाचे उत्तर फ्रान्सिना यांनी शोधले.

आईने नेमके काय केले?

१८७६ मध्ये फ्रान्सिना यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल सुरू केले. या शाळेत मुले आणि मुली एकत्र शिकत. युरोपीय, पारशी, हिंदू, मुस्लीम असे वेगवेगळ्या समाजांतले विद्यार्थी एकाच वर्गात बसत. त्या काळाच्या मानाने ही गोष्ट धाडसाची होती. इंग्रजी शाळेच्या जोडीने त्यांनी देशी भाषांतल्या शाळांचेही काम केले.

या शाळेमुळे घरात तीन गोष्टी घडल्या.

पहिली गोष्ट, मुलींनी आपल्या आईला काम करताना पाहिले. वर्ग, शिक्षक, पैशांची जमवाजमव हे सगळे एक स्त्री सांभाळते, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

दुसरी गोष्ट, शिकणे आणि शिकवणे यात फार अंतर उरले नाही. घरातल्या काही मुली पुढे शिक्षिका झाल्या. शिकवता येणे हे त्या काळी स्त्रीसाठी सर्वांत भरवशाचे कमाईचे साधन होते.

तिसरी गोष्ट, मुलगा आणि मुलगी यांच्या शिक्षणात फरक करायचा नाही, हा नियम घरात आपोआप रुजला. भावाला जे विषय, तेच बहिणींना.

इथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. हे घर बंडखोरांचे नव्हते. मुलींनी कमवावे, कारण देवाने दिलेली बुद्धी इतरांच्या सेवेसाठी वापरली पाहिजे, अशी त्यामागची धारणा होती. मुलीने स्वतःच्या मर्जीप्रमाणे जगावे, असा तिचा अर्थ नव्हता. कमाई ही सेवेच्या पोटात आली. त्यामुळे परंपरेला धरून चालणाऱ्या मंडळींनाही ती पटवता आली. मात्र याच धारणेमुळे पुढे कॉर्नेलिया यांच्या विचारांना एक मर्यादाही पडली. ती पुढे पाहू.

वकिलीच का निवडली?

कॉर्नेलिया यांनी आपल्या आत्मचरित्रात लहानपणीचा एक प्रसंग सांगितला आहे. पडद्यात राहणारी एक श्रीमंत गुजराती विधवा त्यांच्या आईकडे मदत मागायला आली होती. तिच्या कारभाऱ्याने तिच्याकडून एका कागदावर सही करून घेतली होती आणि त्या सहीने तिची मालमत्ता तिच्या हातून गेली होती. कागदात काय लिहिले आहे, हे तिला कळले नव्हते. विश्वासाने विचारावे असे कोणी तिच्याजवळ नव्हते. अशा स्त्रियांना मदत करायची असेल तर कायदा शिकायला हवा, हे आईने मुलीच्या मनावर बिंबवले.

हा प्रश्न एका बाईपुरता नव्हता. बंगाल, बिहार, संयुक्त प्रांत, काठियावाड अशा अनेक भागांत जमीनदार आणि संस्थानिक घराण्यांतल्या स्त्रिया कडक पडदा पाळत. त्यांना पडदानशीन म्हटले जाई. नवरा गेल्यावर कागदोपत्री मोठी इस्टेट त्यांच्या नावावर येई. पण परक्या पुरुषासमोर त्या जाऊ शकत नव्हत्या आणि वकील तर सगळे पुरुष होते. म्हणजे कागद वाचणार कारभारी, समजावणार कारभारी आणि अंगठा घेणाराही कारभारीच.

न्यायालयांना या धोक्याची जाणीव होती. पडदानशीन स्त्रीने केलेला दस्त तिने समजून-उमजून केला आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्या पक्षावर टाकणारे तत्त्व न्यायालयांनी मान्य केले होते. पण या संरक्षणाचा फायदा मिळायला ती स्त्री आधी न्यायालयापर्यंत पोहोचायला हवी. अडचण तिथेच होती.

डेक्कन कॉलेजात काय घडले?

मुंबई विद्यापीठाने १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्त्रियांसाठी परीक्षांची दारे उघडली. कॉर्नेलिया मॅट्रिक झाल्या आणि डेक्कन कॉलेजात दाखल झाल्या. तिथल्या त्या पहिल्या विद्यार्थिनी. वर्गात सगळे पुरुष. काही विद्यार्थी तर त्या यायच्या वेळी वर्गाचा दरवाजा लावून घेत, जेणेकरून त्यांना आत येता येऊ नये.

आजूबाजूचा काळही पाहायला हवा. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतल्या आणि १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यातच त्यांचे निधन झाले. मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. बालपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे जायला नकार दिला म्हणून १८८७ मध्ये त्यांच्यासमोर तुरुंगवासाची पाळी आली होती. पुण्यात मुलींच्या हायस्कूलवरून वाद झडत होते. अशा वातावरणात एका मुलीने कॉलेजच्या वर्गात जाऊन बसणे आणि वर पहिले येणे, ही साधी बाब नव्हती.

कॉर्नेलिया मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. तरीही सरकारी शिष्यवृत्ती हुकली. या अन्यायाबद्दल ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रश्नही विचारला गेला, पण निर्णय बदलला नाही.

मग पैसे कुठून आले?

शिष्यवृत्ती नाकारली गेल्यावर त्या रडत बसल्या नाहीत. त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवण्याची तात्पुरती नोकरी धरली. विशीतली एक तरुणी पुरुष विद्यार्थ्यांच्या वर्गाला शिकवते, हे दृश्य त्या काळी दुर्मीळ होते.

दरम्यान, इंग्लंडमधल्या काही मंडळींनी त्यांच्यासाठी वर्गणी जमवली. लेडी मेरी हॉबहाउस यांनी पुढाकार घेतला. त्यांचे पती आर्थर हॉबहाउस हे व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य राहिलेले होते. वर्गणी देणाऱ्यांत फ्लोरेन्स नाइटिंगेल आणि काँग्रेसशी जवळचे संबंध असलेले सर विल्यम वेडरबर्न यांचाही समावेश होता. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. ब्रिटिश विद्यापीठात शिकलेल्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

घराने मुलीला तयार केले, पण एवढा मोठा खर्च उचलण्याची घराची ऐपत नव्हती. आईची शाळा, वडिलांची मिशनमधली ओळख आणि त्यातून जोडले गेलेले लोक यांच्यामुळे ती उणीव भरून निघाली. ज्या मुलींच्या मागे अशा ओळखी नव्हत्या, त्यांच्यासाठी नाकारलेली शिष्यवृत्ती म्हणजे रस्ताच बंद होता.

ऑक्सफर्डमध्ये शिकल्या, मग पदवी का मिळाली नाही?

ऑक्सफर्डमध्ये त्या काळी स्त्रियांना वर्गात बसता येत असे, काही परीक्षाही देता येत, पण पदवी मिळत नसे. कायदा शिकणारी तर एकही स्त्री त्याआधी तिथे नव्हती. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट यांनी कॉर्नेलिया यांना पाठबळ दिले. ऑल सोल्स कॉलेजच्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयात वाचन करण्याची परवानगीही त्यांना मिळाली.

कायद्यातली पुढची पदवी म्हणजे बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ, अर्थात बीसीएल. या परीक्षेला त्यांना पुरुषांच्या बरोबरीने बसू द्यावे, यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. १८९२ मध्ये ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. परीक्षा झाली, निकाल लागला, पदवी मात्र हातात आली नाही. ती मिळायला १९२२ साल उजाडले. म्हणजे तब्बल ३० वर्षे. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास १९२० मध्ये सुरुवात केली, तेव्हा कुठे हे शक्य झाले.

परीक्षेनंतर त्यांनी लंडनमधल्या एका सॉलिसिटर कंपनीत काही काळ काम शिकून घेतले आणि त्या भारतात परतल्या.

परतल्यावर कमाईचे काय झाले?

इथून खरी कसोटी सुरू झाली. कायद्याचे ज्ञान होते, ऑक्सफर्डचे नाव होते, अशिलांची गरजही होती. नव्हता तो फक्त परवाना. स्त्रीला वकील म्हणून नोंदणी नव्हती, आणि नोंदणीशिवाय वकिलीचा व्यवसाय उभा राहत नाही.

काठियावाड आणि इंदूरच्या भागातल्या संस्थानांमध्ये पडदानशीन स्त्रियांच्या वतीने त्या कामे पाहू लागल्या. सल्ला देणे, अर्ज तयार करणे, कागदपत्रे तपासणे एवढे करता येई. ब्रिटिश न्यायालयात उभे राहता येत नसे.

१८९६ मध्ये पुण्यातल्या एका फौजदारी खटल्यात मात्र वाट सापडली. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात न्यायालयाच्या परवानगीने वकील नसलेल्या व्यक्तीलाही आरोपीची बाजू मांडता येईल, अशी तरतूद होती. तिचा आधार घेऊन कॉर्नेलिया उभ्या राहिल्या. ब्रिटिश न्यायाधीशासमोर बाजू मांडणारी पहिली स्त्री म्हणून या प्रसंगाचा उल्लेख होतो.

मग त्यांनी भारतातल्या परीक्षाही देऊन टाकल्या. १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएलबी आणि १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा. तरीही नोंदणी नाही. धाकटा भाऊ डिक बॅरिस्टर होऊन अलाहाबादेत वकिली करू लागला. एकाच घरात वाढलेल्या, सारखेच शिक्षण घेतलेल्या भावंडांपैकी भावाला न्यायालयाचे दार उघडे आणि बहिणीला बंद, हा फरक आईच्या हातातला नव्हता. तो कायद्याने केलेला होता.

या काळात लेखणीचाही आधार मिळाला. इंग्लंडमधल्या नियतकालिकांत त्यांचे लेख छापून येत. १९०१ मध्ये ‘लव्ह अँड लाइफ बिहाइंड द पर्दा’ हे कथांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

बंद दारातून नोकरी कशी तयार केली?

कॉर्नेलिया यांची खरी हुशारी इथे दिसते. ज्या पडद्यामुळे स्त्रियांचे नुकसान होत होते, त्याच पडद्यामुळे स्त्रियांसाठी नोकऱ्याही निर्माण होत होत्या. पडद्याआड पुरुष डॉक्टर जाऊ शकत नाही, म्हणून स्त्री डॉक्टर हवी. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांचा निधी याच कारणासाठी सुरू झाला. पडद्याआड पुरुष शिक्षक जाऊ शकत नाही, म्हणून घरोघरी जाऊन शिकवणाऱ्या स्त्रिया हव्यात. मिशनने अशा कितीतरी स्त्रियांना कामावर घेतले. स्त्रीने घराबाहेर पडून नोकरी करण्याबद्दल कुरकुर करणारी मंडळीही या कामाला विरोध करू शकत नव्हती.

कॉर्नेलिया यांनी हेच सूत्र कायद्याला लावले. पडद्याआड पुरुष वकील जाऊ शकत नाही, मग सरकारने एका स्त्रीला कायदा सल्लागार नेमावे. १९०२ पासून त्यांनी लंडनमधल्या इंडिया ऑफिसकडे ही मागणी लावून धरली. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची महिला सहायक म्हणून नेमणूक झाली. ही जागा त्यांच्या आधी अस्तित्वातच नव्हती. वयाच्या अडतिसाव्या वर्षाच्या आसपास त्यांना अखेर आपल्या शिक्षणाला साजेशी, पगाराची, स्थिर नोकरी मिळाली.

कोर्ट ऑफ वॉर्ड्स म्हणजे काय?

नावात कोर्ट असले तरी हे खटले चालवणारे न्यायालय नव्हते. ज्या इस्टेटीचा वारस अल्पवयीन आहे किंवा मालक कारभार पाहण्यास असमर्थ ठरवला गेला आहे, अशा इस्टेटीचे व्यवस्थापन ताब्यात घेणारी ही सरकारी यंत्रणा. बंगालमध्ये यासाठी १८७९चा कायदा होता. अनेक इस्टेटींच्या मालक विधवा स्त्रिया होत्या.

कॉर्नेलिया यांचे काम या स्त्रियांना प्रत्यक्ष भेटण्याचे. रेल्वे, नाव, पालखी, प्रसंगी हत्ती, जे मिळेल त्याने त्या आडगावच्या वाड्यांपर्यंत पोहोचत. पोटगी वेळेवर मिळते का, हिशेब खरा आहे का, दत्तकाच्या वादात जबरदस्ती होत नाही ना, लहान वारसाच्या जिवाला धोका नाही ना, मुलांच्या शिक्षणाचे काय, अशा गोष्टी त्या पाहत. १९०७ पर्यंत बंगालसोबत बिहार, ओरिसा आणि आसामपर्यंत त्यांचे काम पसरले. या सेवेत सुमारे ६०० स्त्रिया आणि मुलांना त्यांनी मदत केल्याचा अंदाज सांगितला जातो. १९०९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले.

लहानपणी आईच्या दारात आलेल्या विधवेची अडचण होती विश्वासाने कागद वाचून दाखवणारे कोणी नसण्याची. तीच जागा कॉर्नेलिया यांनी सरकारी पगारावर भरून काढली.

बाकीच्या बहिणींचे काय झाले?

सोराबजी घराचा प्रयोग एका हुशार मुलीपुरता होता का, हे तपासायचे तर बहिणींकडे पाहावे लागते.

सूझी सोराबजी यांनी आईचा शिक्षणाचा वारसा पुढे नेला. पुण्यातली सेंट हेलेनाज ही शाळा त्यांनी उभी केली. त्यासाठी अमेरिकेत जाऊन निधी जमवला. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. दुसऱ्या वर्षी कॉर्नेलिया यांनी त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले.

अ‍ॅलिस सोराबजी यांनी मुंबई विद्यापीठातून विज्ञानाची पदवी घेतली आणि लंडनला जाऊन त्या डॉक्टर झाल्या. १९०८ मध्ये त्यांनी वायव्य सरहद्दीवर बन्नू इथे रुग्णालय चालवणारे मिशनरी डॉक्टर थिओडोर पेनेल यांच्याशी लग्न केले. अवघ्या चार वर्षांत, १९१२ मध्ये, पेनेल यांचा मृत्यू झाला. अ‍ॅलिस विधवा झाल्या, पण निराधार झाल्या नाहीत. हातात वैद्यकीय पदवी होती. त्यांनी आपले काम चालू ठेवले, पतीचे चरित्र लिहिले, पुढे कादंबऱ्याही लिहिल्या.

एका बहिणीचे लग्न झाले आणि नवरा लवकर गेला. कॉर्नेलिया यांनी लग्नच केले नाही. दोघींच्या बाबतीत आईने दिलेली पुंजी उपयोगी पडली. लग्न होवो, न होवो किंवा अर्ध्यात संपो, मुलगी उघड्यावर पडता कामा नये, या विचाराची कसोटी एकाच पिढीत लागली आणि तो टिकला.

काळा कोट अखेर कधी मिळाला?

स्त्रियांना वकिलीची सनद मिळावी म्हणून इतरही प्रयत्न चालू होते. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांचा अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयाने फेटाळला. त्यानंतर सुधांशुबाला हाजरा यांना पाटणा उच्च न्यायालयाने नकार दिला. कायद्यातल्या व्यक्ती या शब्दात स्त्री बसते की नाही, यावर तेव्हा गंभीरपणे युक्तिवाद होत होते.

ब्रिटनमध्ये १९१९च्या कायद्याने स्त्रियांना हा व्यवसाय खुला झाला. १९२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने कॉर्नेलिया यांची वकील म्हणून नोंदणी केली. त्यांच्यासाठी लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होण्याचा मार्गही मोकळा झाला. १९२३ मध्ये भारतात स्त्री वकिलांबाबतचा कायदा होऊन केवळ स्त्री आहे म्हणून सनद नाकारता येणार नाही, हे पक्के झाले.

तोवर कॉर्नेलिया ५६ वर्षांच्या झाल्या होत्या. कलकत्त्यात त्यांनी बॅरिस्टर म्हणून काम सुरू केले. पण पुरुष सहकाऱ्यांचा पूर्वग्रह कायम होता. न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करण्याऐवजी त्यांच्या वाट्याला मुख्यतः प्रकरणांवर लेखी मत देण्याचेच काम येई. कायदा बदलला, तरी बाररूम तेवढ्या वेगाने बदलली नव्हती.

मग त्यांच्याबद्दल वाद का आहेत?

कॉर्नेलिया यांचे चरित्र सरळ गौरवगाथेत बसत नाही. त्या ब्रिटिश राजवटीच्या ठाम समर्थक होत्या. गांधीजींच्या चळवळीला त्यांनी उघड विरोध केला. १९२७ मध्ये कॅथरिन मेयो या अमेरिकी लेखिकेचे ‘मदर इंडिया’ हे पुस्तक आले. भारतीय समाजाची हेटाळणी करणाऱ्या या पुस्तकाविरुद्ध देशभर संताप उसळला. कॉर्नेलिया यांनी मात्र त्यातल्या मांडणीची बाजू घेतली. त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. ज्या स्त्रियांसाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्यांच्यातच त्यांचा पाठिंबा घटला आणि सामाजिक कामाला धक्का बसला.

स्त्री सुधारणांबाबतही त्यांचा सूर सावध होता. पडदा एका फटक्यात मोडू नये, आधी शिक्षण द्यावे, बदल आतून यावा, असे त्यांचे मत होते. काँग्रेसच्या व्यासपीठावरून मताधिकार मागणाऱ्या तरुण स्त्रियांना हे मागासलेले वाटे.

याचे मूळ त्यांच्या घरात शोधता येते. त्या घराने मुलींना कमवायला शिकवले, पण सत्तेला प्रश्न विचारायला शिकवले नव्हते. मिशन, सरकार, विद्यापीठ याच संस्थांच्या आधाराने हे कुटुंब उभे राहिले होते. आर्थिक स्वातंत्र्य आले की राजकीय विचारही आपोआप बदलतात, हा समज कॉर्नेलिया यांच्या उदाहरणात टिकत नाही.

ख्रिस्ती मुलींना वारसाहक्क नव्हता का?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण आर्थिक सुरक्षिततेचे दोन मार्ग असतात. कमाई आणि वारसा. १८६५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने, मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती व्यक्तीच्या मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखा वाटा दिला. कागदावर हा नियम त्या काळाच्या बराच पुढचा होता.

पण वारसा मिळायला मागे काही असावे लागते. मिशनच्या मिळकतीवर चालणाऱ्या घरात वाटून घेण्यासारखे फारसे नसे. म्हणून सोराबजी मुलींच्या बाबतीत शिक्षण हाच खरा वाटा ठरला.

शिवाय हा नियम सगळीकडे नव्हता. त्रावणकोर संस्थानात १९१६च्या कायद्यानुसार ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याचा एक चतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळे. स्वातंत्र्यानंतरही ही पद्धत चालू राहिली. केरळमधल्या शिक्षिका मेरी रॉय यांनी तिला आव्हान दिले आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मेरी रॉय यांनीही स्वतःची शाळा काढून स्वतःच्या पायावर उभे राहणे साधले होते. न्यायालयात लढायचे बळ त्यांना हक्कामुळे मिळाले नाही. स्वतःच्या कमाईमुळे मिळाले आणि हक्क नंतर आला.

अखेरची वर्षे आणि आजची आठवण

कॉर्नेलिया १९२९ मध्ये निवृत्त होऊन लंडनमध्ये स्थायिक झाल्या. १९३४ मध्ये ‘इंडिया कॉलिंग’ हे आत्मचरित्र आले. त्याआधी १९२४ मध्ये आई-वडिलांवरचे पुस्तक त्यांनी लिहिले होते. दृष्टी मंदावत गेली, तरी लेखन-संपादन सुटले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, त्यांनी संपादित केलेले ‘क्वीन मेरीज बुक फॉर इंडिया’ प्रसिद्ध झाले. ६ जुलै १९५४ रोजी वयाच्या ८७व्या वर्षी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. २०१२ मध्ये लिंकन्स इनमध्ये त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला. २०१७ मध्ये त्यांच्या जन्मदिनी गुगलने डूडल केले, तेव्हा अनेक मराठी वाचकांना नाशिकमध्ये जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या या वकील बाईंचे नाव पहिल्यांदा कळले.

त्यांच्या आईचे, फ्रान्सिना यांचे नाव मात्र आजही फार कमी जणांना ठाऊक आहे. मुलींसाठी दागिने किंवा जमीन त्यांना ठेवता आली नाही. भावाला दिले तेच शिक्षण, डोळ्यांसमोर काम करणारी आई आणि शिकवता येण्याचे कौशल्य एवढे त्यांनी दिले. पुढच्या दारांपैकी काही उघडायला ३० वर्षे लागली. दार उघडले, तेव्हा आत जायला लागणारे सगळे कागद मुलीकडे तयार होते.